मैदानाचे दार उघडणाऱ्या युनिसबाई

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रुकलाइन या गावी १० जुलै १९२१ रोजी युनिस केनेडी हिचा जन्म झाला. घर श्रीमंत होते आणि भावंडे नऊ. त्यांपैकी जॉन हा पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. पोहणे, शिडाची होडी हाकणे, चेंडू खेळणे यांत या भावंडांचा दिवस सरे. युनिसहून सुमारे तीन वर्षांनी मोठी असलेली रोझमेरी मात्र बौद्धिक दिव्यांग होती. लिहिणे-वाचणे तिला जड जाई. तरी युनिस तिला आपल्या होडीत घेई, आणि सांगितलेले काम रोझमेरी नीट पार पाडी.

१९४१ साली वडिलांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने रोझमेरीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करविली. गुण येण्याऐवजी विपरीतच घडले. तेवीस वर्षांच्या त्या मुलीचे चालणे-बोलणे जवळजवळ गेले. पुढे तिला घरापासून दूर एका संस्थेत राहावे लागले. त्या काळी अशा मुलांविषयी बोलण्यास लोक लाजत. केनेडी कुटुंबही वर्षानुवर्षे गप्प राहिले.

युनिस समाजशास्त्र शिकली, समाजकार्य करू लागली आणि १९५३ साली विवाहानंतर युनिस श्रायव्हर झाली. आपल्या बौद्धिक दिव्यांग मुलाला कोणतेच सुट्टीतील शिबिर घेत नाही, असे एका मातेने युनिसबाईंना कळविले. तेव्हा जून १९६२ मध्ये त्यांनी मेरीलँडमधील आपल्या घराच्या अंगणातच शिबिर भरविले. त्या स्वतः मुलांबरोबर पाण्यात उतरल्या. त्याच वर्षी त्यांनी लेख लिहून रोझमेरीच्या दिव्यांगत्वाची गोष्ट जगाला सांगितली. शस्त्रक्रियेविषयी मात्र तेव्हा त्यांनाही लिहवले नाही.

२० जुलै १९६८ रोजी शिकागो येथे पहिले ‘स्पेशल ऑलिंपिक्स’ भरले. सहाच आठवड्यांपूर्वी युनिसबाईंचे बंधू रॉबर्ट यांची हत्या झाली होती. तरीही त्या उभ्या राहिल्या. मैदानात सुमारे एक हजार खेळाडू होते. प्रेक्षकांची बाके मात्र बहुतेक रिकामी होती.

पुढे या स्पर्धांत सॉफ्टबॉलही आला. हा खेळ १८८७ साली शिकागोतच जन्मला. चेंडू टोलवायचा आणि चार ठाण्यांना फेरी घालून परत यायचे, असा हा खेळ. येणारा चेंडू ज्याला टोलवता येत नाही, त्याच्यासाठी तो एका उभ्या खुंटावर स्थिर ठेवतात. संघातून खेळणे ज्याला अजून साधत नाही, तो धावणे, फेकणे, अडविणे व टोलविणे यांच्या स्वतंत्र स्पर्धेत उतरतो. सामने सारख्या कुवतीच्या संघांत लावतात. काही संघांत तर दिव्यांग आणि इतर खेळाडू खांद्याला खांदा लावून खेळतात.

रोझमेरी २००५ साली वारली. युनिसबाईंनी तिला पुन्हा कुटुंबात आणले होते. ११ ऑगस्ट २००९ रोजी युनिसबाईंचेही निधन झाले. तोवर त्यांचे कार्य दीडशेहून अधिक देशांत पसरले होते.

मुलाला खेळ जमत नसेल, तर मुलाला बाहेर काढण्याची जगाची रीत होती. युनिसबाईंनी मुलाला आत ठेवले आणि खेळाचा नियम बदलला. मधल्या सुट्टीत संघ पाडताना कडेला कोणी एकटा उभा दिसला, तर हे आठवावे.