चहा-साखर विकणाऱ्याने बनवले फोर-स्ट्रोक इंजिन. कोण होते निकोलस ऑटो?

बाइकच्या फोर-स्ट्रोक इंजिनामागे निकोलस ऑटो यांचे नाव आहे. १८३२ मध्ये जर्मनीत जन्मलेले ऑटो इंजिनीअर नव्हते. ते चहा-साखर विकत गावोगाव फिरत.

अडचण काय होती?
१८६० मध्ये पॅरिसमध्ये लेन्वार यांचे गॅस इंजिन आले. त्यात हवा आणि गॅसचे मिश्रण न दाबताच पेटत असे, त्यामुळे गॅस भरपूर लागे. ऑटोंनी मिश्रण आधी दाबून पाहिले. पण १८६२ मधले ते इंजिन स्फोटांच्या धक्क्यांनी मोडले.

उपाय कोणता?
सिलिंडरमध्ये आधी नुसती हवा, मग गॅसचे मिश्रण घ्यायचे. म्हणजे ज्योतीजवळ मिश्रण दाट आणि पिस्टनजवळ विरळ राहील, धक्काही सौम्य बसेल, असा त्यांचा हिशेब होता. १८७६ मध्ये हे फोर-स्ट्रोक इंजिन यशस्वी झाले.

पेटंट का गेले?
ऑटो यशाचे श्रेय मिश्रणाच्या थरांना देत. खरा फायदा मिश्रण दाबण्याचा होता. शिवाय फ्रान्सच्या बो द रोशा यांनी चार स्ट्रोकची कल्पना १८६२ मध्येच कागदावर मांडली होती. त्यामुळे १८८६ मध्ये जर्मनीत पेटंट रद्द झाले आणि हे इंजिन बनवण्याची वाट सर्वांना मोकळी झाली. १८९१ मध्ये ऑटोंचे निधन झाले. पेटंट गेले, तरी पाठ्यपुस्तकांत आजही 'ऑटो सायकल'च शिकवली जाते.