रोज एक पान : मारिओ मिरांडा

वहीच्या शेवटच्या पानावर कधीच चित्र काढलं नाही असा विद्यार्थी इंजिनिअरिंगला सापडणं कठीण. लेक्चर रंगात आलेलं असतं आणि मागच्या बाकावर कुणीतरी सरांचा चष्मा, पुढच्याची मान, नाहीतर खिडकीतला कावळा काढत असतो. यातल्या काहींना मग कॉमिक काढायची हौस लागते. आपल्या वर्ध्याच्या होस्टेलांतही असे हौशी कलाकार दरवर्षी येतात. नवी कोरी स्केचबुक, चांगल्या पेन्सिली, डोक्यात भन्नाट गोष्ट. पण ही गोष्ट बहुतेक वेळा तिसऱ्या चौकटीत अडकते. पहिल्या चौकटीतला हीरो तिसऱ्या चौकटीत भलताच कुणीतरी दिसू लागतो. हात जमत नाही. मग खोडरबर सुरू. खोडता खोडता कागद विरतो, पान फाटतं आणि आठ दिवसांनी स्केचबुक गादीखाली जाते. चित्र येत नाही म्हणून कुणी सोडत नाही, मनात आहे तस्संच यायला हवं या हट्टापायी सोडतात.

अशा सगळ्या मित्रमैत्रिणींसाठी मारिओ मिरांडा यांचं आयुष्य वाचण्यासारखं आहे. मुंबईत कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमध्ये गेलात तर भिंतभर पसरलेली त्यांची माणसं तुम्हाला भेटतील. मोठमोठे डोळे, लांब नाकं, ठिपक्यांचे झगे, गर्दीत मध्येच घुसलेलं एखादं कुत्रं. हे चित्र बघताना वाटतं, या माणसाच्या हातात जन्मजात जादू असणार. जादू असेलही, पण त्या जादूमागे वह्यांचा भलामोठा ढीग आहे.

मारिओ यांचा जन्म २ मे १९२६ रोजी दमण इथे झाला. घराणं गोव्यातल्या लोटली गावचं. त्या काळी दमण काय आणि गोवा काय, दोन्हीकडे पोर्तुगिजांचं राज्य. लहानग्या मारिओला चित्रांचा नाद इतका की घराच्या भिंती रंगू लागल्या. एखाद्या आईने धपाटा घातला असता. या आईने मुलाच्या हातात कोरी वही दिली. मारिओ तिला आपली डायरी म्हणत. पुढे शाळेत पाद्रीबाबांची चित्रं काढली म्हणून बोलणीही खाल्ली, पण वही काही सुटली नाही.

शिक्षण बंगळूरच्या सेंट जोसेफ शाळेत आणि नंतर मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात झालं. विषय इतिहास. डोळ्यांसमोर आय.ए.एस. होतं. मग आईवडिलांच्या इच्छेखातर आर्किटेक्चरला प्रवेश घेतला, पण तिथे मन काही रमेना आणि ते शिक्षण सुटलं. घरच्यांच्या सांगण्यावरून प्रवेश घेणं म्हणजे काय, हे इंजिनिअरिंगवाल्यांना समजावून सांगायची गरज नाही! आपण फक्त एवढं लक्षात घ्यायचं की मारिओ यांनी चित्रकलेचं रीतसर शिक्षण कधीच घेतलं नाही. ना डिप्लोमा, ना डिग्री. त्या अर्थाने ते हौशीच.

मग ते शिकले कुठे? त्या डायऱ्यांत. १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या त्यांच्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. तेव्हा मारिओ २३ ते २५ वर्षांचे, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या पोरांपेक्षा थोडेसेच मोठे. बाकीचे लोक डायरीत दिवस लिहून काढतात, हे दिवस चित्रात काढायचे. गावातली माणसं, नातेवाईक, सण-समारंभ, मित्रांबरोबरच्या गमती आणि सोबत चार शब्द.

आता विचार करा. रोजच्या डायरीत एक मोठी सोय असते. आजचं पान आज भरायचं, उद्याला उद्याचं पान आहे. नाक वाकडं आलं तर येऊ दे, त्या नाकापायी दिवस थांबत नाही. शिवाय वही प्रदर्शनासाठी नसते, कुणी मार्क देणार नसतं. परफेक्शनचं भूत मानगुटीवर बसायला फुरसतच मिळत नाही. एकच चेहरा महिनाभर घासण्यापेक्षा महिन्यात तीस वेगवेगळी माणसं काढली, तर हात आपोआप शिकत जातो. लग्नातला जाडा काका कसा बसतो, म्हातारी छत्री कशी धरते, दोन माणसं भांडताना कशी वाकतात, हे सगळं बघून बघून बोटांत उतरतं. चुका होतातच, पण त्या मागच्या पानावर राहून जातात.

म्हणजे मारिओ आपलं काम लपवून बसले असं मात्र नाही. मित्रांना पोस्टकार्डावर खास चित्रं काढून द्यायची आणि बदल्यात थोडेसे पैसे घ्यायचे, हा त्यांचा उद्योग होता. पुढे पोटापाण्यासाठी एका जाहिरात स्टुडिओत चार वर्षं काम केलं. इलस्ट्रेटेड वीकलीने त्यांची काही चित्रं छापली आणि दार किलकिलं झालं. मग करंट या साप्ताहिकात काम मिळालं. टाइम्स ऑफ इंडियाने सुरुवातीला त्यांना नकार दिला होता, त्याच टाइम्सने साधारण वर्षभराने बोलावून घेतलं. नकार आला तेव्हा, आधी मी पूर्ण तयार होतो आणि मगच लोकांना दाखवतो, असं म्हणून ते घरी बसले असते तर? मिस निंबूपानी ही सिनेनटी आणि मिस फोन्सेका ही सेक्रेटरी आपल्याला कधी भेटल्याच नसत्या.

याच टाइम्समध्ये आर. के. लक्ष्मणही होते. त्यांना तर तरुणपणी जे.जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेशच नाकारला होता. एकाने आर्किटेक्चर सोडलेलं, दुसऱ्याला आर्ट स्कूलने नाकारलेलं, आणि दोघांची चित्रं देशभर घराघरांत पोचली.

१९५९ मध्ये मारिओ यांना पोर्तुगालच्या गुलबेंकियन फाउंडेशनची शिष्यवृत्ती मिळाली. वय ३३. मुंबईत नाव झालेलं, काम चांगलं चाललेलं. अशा वेळी माणूस आहे तिथे घट्ट पाय रोवून बसतो. हे लिस्बनला गेले, वर्षभर राहिले आणि तिथून लंडन गाठलं. लंडनमध्ये जवळपास पाच वर्षं काढली. जिथे कुणी ओळखत नाही तिथे पुन्हा नव्याने हात आजमावायचा, म्हणजे कच्चं दिसायची तयारी लागते. ती सवय डायरीने लावली असावी, असं मला वाटतं.

तिथून परतल्यावर पुन्हा मुंबई, पुन्हा टाइम्स. १९७४ मध्ये अमेरिकेचं आमंत्रण आलं. तिथे पीनट्सचे जनक चार्ल्स शुल्झ यांची भेट झाली. पुढे वीसहून अधिक देशांत चित्रांची प्रदर्शनं भरली. मनोहर माळगावकरांच्या इनसाइड गोवा या पुस्तकातली चित्रं त्यांचीच. श्याम बेनेगल यांचा १९८५ चा त्रिकाल बघितला असेल, तर त्यातलं ते जुनं प्रशस्त घर म्हणजे मारिओ यांचं लोटलीचं घर. १९८८ मध्ये पद्मश्री आणि २००२ मध्ये पद्मभूषण मिळालं. अखेरची वर्षं याच घरात गेली. ११ डिसेंबर २०११ रोजी त्यांचं निधन झालं आणि २०१२ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

त्यांची नंतरची चित्रं नीट बघा. बाजार असो की बसस्टॉप, कागदाचा कोपरान् कोपरा माणसांनी भरलेला. एकेक माणूस सुटा काढून तपासलात तर कुणाची मान फारच लांब, कुणाचे पाय काडीसारखे. ॲनाटॉमीच्या पेपरात नापास! पण सगळे मिळून जो बाजार उभा राहतो तो अस्सल, गजबजलेला, ओळखीचा. प्रत्येक चेहरा बिनचूक करत बसले असते तर हा बाजार कधी भरलाच नसता.

आपण मशीन ड्रॉइंगमध्ये टॉलरन्स शिकतो. कुठलंही माप शंभर टक्के नेमकं येत नाही हे तिथे गृहीतच धरलेलं असतं. किती चुकलं तरी पार्ट बसेल, एवढं ठरवायचं आणि कामाला लागायचं. लोखंडाला आपण ही सूट देतो, पण स्वतःच्या रेषेला द्यायला तयार नसतो. दोन तासांच्या कॉमिकच्या पानाला शून्य टॉलरन्स लावायचा आणि वर म्हणायचं की आपल्यात टॅलेंटच नाही!

काढायला विषय नाहीत असं तर कुणी म्हणूच नये. वर्धा स्टेशनच्या बाकावर अर्धा तास बसा. पवनारला धाम नदीच्या काठावर जा. सेवाग्रामला आश्रमातली झाडं आहेत, कुट्या आहेत, बघायला आलेली नाना तऱ्हेची माणसं आहेत. मे महिन्याच्या उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून स्कूटीवर निघालेला अख्खा गाव आहे. मारिओ यांना लोटली होती, आपल्याला वर्धा आहे.

तेव्हा मित्रांनो, गादीखालची ती स्केचबुक बाहेर काढा. वर आजची तारीख टाका आणि खोडरबर रूममेटकडे देऊन टाका. हीरो तिसऱ्या चौकटीत वेगळा दिसला तर दिसू दे, चौथी चौकट काढा. पान भरलं की उलटा. उद्याचं पान कोरं आहे.