विश्लेषण : कॅन्सर, हत्तीरोगावरील औषधांमागचे डॉ. सुब्बाराव शोधनिबंधांत का सापडत नाहीत?

संशोधकाचे काम आज दोन आकड्यांनी मोजले जाते : त्याचे शोधनिबंध किती आणि इतरांनी त्यांचा संदर्भ किती वेळा घेतला. जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना ही फूटपट्टी लावली, तर त्यांचे सर्वांत मोठे काम तिच्याबाहेरच राहते.

कोण होते सुब्बाराव?

आजच्या आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे १२ जानेवारी १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. स्प्रू या आतड्याच्या आजाराने त्यांचे भाऊ दगावले. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकताना त्यांनी खादी वापरली आणि ब्रिटिश प्राध्यापकाची नाराजी ओढवून घेतली. एमबीबीएसऐवजी त्यांना एलएमएस या कनिष्ठ पात्रतेवर समाधान मानावे लागले. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ते अमेरिकेत बोस्टनला गेले. रुग्णालयात रात्रपाळीची कामे करत हार्वर्डमध्ये शिकले आणि तिथेच संशोधनाला लागले.

सर्वाधिक गाजलेला निबंध कोणता?

सायरस फिस्क यांच्यासह १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला, फॉस्फरस मोजण्याच्या पद्धतीवरचा. नमुन्यातील फॉस्फेटची मॉलिब्डेटशी प्रक्रिया घडवून त्यात दुसरे रसायन मिसळले की निळा रंग येतो. रंग जितका गडद, तितके फॉस्फेट जास्त. साधी, खात्रीची अशी ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांनी उचलली आणि हजारो निबंधांत तिचा संदर्भ आला. याच पद्धतीच्या बळावर दोघांनी स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन शोधले. १९२९ मध्ये त्यांनी पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीची नोंद केली. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही स्वतंत्रपणे एटीपी शोधले.

मग औषधांचे काय?

हार्वर्डमध्ये कायमची जागा न मिळाल्याने १९४० मध्ये सुब्बाराव लेडर्ले या औषध कंपनीत गेले आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले. त्यांच्या पथकाने १९४५ मध्ये फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत तयार केले. ज्या स्प्रूने त्यांचे भाऊ गेले, त्यावरही ते उपयोगी ठरले.

फॉलिक अ‍ॅसिडच्या कामात अडथळा आणणारे अमिनोप्टेरिन पुढे याच कंपनीत बनले. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ते ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांना दिले. त्यांपैकी १० मुलांमध्ये काही काळ सुधारणा दिसली. याच कुळातील मेथोट्रेक्सेट आज कॅन्सरबरोबरच संधिवातावरही दिले जाते. हत्तीरोगावरील डीईसी हे औषधही लेडर्लेमधलेच. विदर्भात सामूहिक मोहिमांत डीईसीच्या गोळ्या वाटल्या जातात.

निबंधांवर नावे कोणाची?

अमिनोप्टेरिन तयार केल्याचा १९४७ चा निबंध सीगर, स्मिथ आणि हल्टक्विस्ट या रसायनतज्ज्ञांच्या नावावर आहे. मुलांवरील उपचारांचा १९४८ चा निबंध फार्बर आणि सहकाऱ्यांचा. टेट्रासायक्लिन गटातील पहिले अँटिबायोटिक ऑरिओमायसिन याच कंपनीत सापडले, त्याची माहिती बेंजामिन डगर यांनी एकट्याच्या नावाने दिली. डीईसीच्या निबंधात सुब्बाराव यांचे नाव आहे, पण लेखकांच्या यादीत शेवटी.

प्रत्यक्ष प्रयोग या सहकाऱ्यांनीच केले होते, त्यामुळे त्यांचे श्रेय खोटे ठरत नाही. मात्र कोणत्या रेणूच्या मागे लागायचे, त्यासाठी कोणाला एकत्र आणायचे, हे ठरवणाऱ्याची जागा लेखकांच्या यादीत नसते.

आकडे काय सांगतात?

संदर्भांची पद्धतशीर मोजणी १९६० च्या दशकात सुरू झाली. सुब्बाराव त्याआधीच, ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये निधन पावले होते. मोजणीची पद्धत वापरणारा संशोधक तिचा संदर्भ देतो, गोळी घेणारा रुग्ण कोणाचाच संदर्भ देत नाही. म्हणून यादीत फॉस्फरसची पद्धत वर येते आणि औषधांमागचे नाव दिसत नाही.

पुढे एका बुरशीला ‘सुब्बारोमायसिस’ असे नाव देण्यात आले आणि १९९५ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. निवड किंवा बढतीसाठी केवळ संदर्भांचा आकडा पाहणाऱ्या समित्यांना मात्र असा संशोधक आजही फॉस्फरस मोजणाऱ्या निबंधाचा दुसरा लेखक एवढाच दिसेल.