राजर्षी शाहू महाराज : आधी शाळा, मग गुणवत्ता



आपल्या वस्तीतल्या एखाद्या मुलाला चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला की कुणीतरी हटकून मेरिटची गोष्ट काढतो. पोरगं घरी येऊन गप्प बसतं. त्याला काय उत्तर द्यायचं ते राजर्षी शाहू महाराजांच्या चरित्रात आहे. म्हणून विहाराच्या वर्धापन दिनी आम्ही ते थोडक्यात सांगत आहोत.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. २ एप्रिल १८९४ रोजी कारभार हाती आला. पाहतात तो काय, दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० जण एकट्या ब्राह्मण समाजाचे! कष्टकरी रयतेची पोरं कचेरीत जवळजवळ नव्हतीच. अस्पृश्यांचा तर विचारही कोणी करीत नव्हते.

खेड्यातला पोरगा कोल्हापुरात शिकायला आला तर राहणार कुठे आणि भाकरी कुठे खाणार? महाराजांनी हे ओळखले. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. मग जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्याआधीच, २६ जुलै १९०२ रोजी, महाराजांनी दरबारच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता.

तेव्हाही लायकीची ओरड झालीच. सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर यांनी ही शंका महाराजांपुढे काढली, असा प्रसंग सांगितला जातो. महाराज त्यांना पागेत घेऊन गेले. घोड्यांचे तोबरे सोडायला लावले आणि सगळी चंदी एकाच ठिकाणी ओतायला सांगितली. दांडगे घोडे लाथा झाडत पुढे घुसले नि फस्त करून गेले. शिंगरं आणि अशक्त घोडी लांबच उभी राहिली. प्रत्येकाला वेगळा तोबरा कशासाठी बांधायचा, हे वकीलसाहेबांना न बोलता कळले.

पण राखीव जागेवर बसायला शिकलेला माणूस तर पाहिजे! महात्मा फुल्यांनी १८८२ सालीच हंटर कमिशनपुढे सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली होती. इंग्रज सरकारने ती मनावर घेतली नाही. महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवले. आमच्या मते गुणवत्तेची खरी परीक्षा इथून सुरू झाली, कारण एका बाकावर बसल्याशिवाय कोण हुशार नि कोण ढ, हे ठरवणार कसे?

मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत महाराज आले ते डॉ. बाबासाहेबांना आपला पुढारी म्हणून समाजापुढे उभे करायला. 'मूकनायक' पत्राला त्यांनी अडीच हजार रुपये दिले होते. त्याच वर्षी बाबासाहेब अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले, तेव्हाही महाराज पाठीशी होते. ६ मे १९२२ रोजी मुंबईत, खेतवाडीत, महाराजांचे निधन झाले. वय पुरते अठ्ठेचाळीसही नव्हते.

बाबासाहेबांच्या संविधानाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत शिक्षण देण्याचे सांगितले होते. त्याचा हक्काचा कायदा अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडले. तोही सहा ते चौदा वर्षांपुरताच. पुढे फी, क्लास, होस्टेल यांचा खर्च कष्टकरी बापाने कुठून करायचा? एकाला घरात वेगळी खोली नि दोन शिकवण्या, दुसरा दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांत अभ्यास करतो. दोघांचे मार्क एकाच तराजूत टाकायचे, याला आम्ही मेरिट म्हणत नाही. सगळ्यांना सारखी शाळा द्या, मग खुशाल मार्क मोजा.

तोवर आपणही हातावर हात ठेवून बसू नये. विहाराचा हॉल संध्याकाळी पोरांच्या अभ्यासाला उघडा राहू द्या. शेजारचं पोर शाळेतून गळालं तर त्याच्या घरी जाऊन विचारा. तेव्हा दंड करायला महाराज होते, आता ते काम आपलंच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!