ज्याने पटकथा नाकारली, त्यालाच फिट्झगेराल्डने हिरो केलं!

साल १९३७. 'द ग्रेट गॅट्सबी' लिहिणारा एफ. स्कॉट फिट्झगेराल्ड कर्जात बुडाला होता. बायको झेल्डा मनोरुग्णालयात, मुलीच्या शिक्षणाचा खर्च वेगळाच. एमजीएम स्टुडिओने आठवड्याला १ हजार डॉलर देऊ केले आणि गडी हॉलिवूडला गेला.

पैसा मिळाला, मान नाही. त्याने लिहिलेलं दुसरेच बदलायचे. पटकथाकार म्हणून पडद्यावर नाव आलं ते एकदाच, 'थ्री कॉम्रेड्स'ला.

मग त्याने याच दुनियेवर कादंबरी लिहायला घेतली. नायक मन्रो स्टार बेतला एमजीएमचा निर्माता आयर्विंग थालबर्गवर. गंमत म्हणजे १९३१ मध्ये याच थालबर्गने त्याची पटकथा बाजूला सारून दुसऱ्या लेखिकेला काम दिलं होतं. तरी कादंबरीत राग नाही, कौतुकच जास्त.

२१ डिसेंबर १९४० ला हार्ट अटॅकने तो गेला. वय ४४, कादंबरी अर्धवट. मित्र एडमंड विल्सनने टिपणांसकट ती १९४१ मध्ये छापून आणली.

१९७६ मध्ये इलिया कझानने 'द लास्ट टायकून' बनवला. पटकथा हॅरॉल्ड पिंटरची, स्टार झाला रॉबर्ट डी निरो. पण शेवट कुठून आणायचा? टिपणांत विमान अपघात होता. तो सिनेमात घेतलाच नाही. सिनेमातला स्टार रिकाम्या स्टुडिओच्या अंधारात चालत जातो.