घड्याळांचे महाल बांधणारा कारागीर : आंद्रे-शार्ल बूल

आमच्या वाचकांपैकी ज्यांचे आजोळ एखाद्या जुन्या वाड्यात असेल, त्यांनी दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेले लंबकाचे मोठे घड्याळ बहुधा पाहिले असेल. काळसर लाकडाची पेटी, माथ्यावर कोरलेला मुकुट, दोन्ही अंगांस कातीव खांब आणि काचेआड संथपणे झुलणारा पितळी लंबक, असे त्याचे रूप असते. आठवड्यातून एकदा त्यास किल्ली देण्याचा मान घरातील वडील माणसाचा. अशा घड्याळाकडून घरधन्याची दुहेरी अपेक्षा असते : त्याने वेळ सांगावी आणि भिंतीस शोभा आणावी. ह्यांपैकी वेळ सांगणाऱ्या यंत्राचा इतिहास आम्ही शिक्षक मंडळी वर्गात सांगतो. परंतु ज्या पेटीमुळे घरास शोभा येते तिचा इतिहास सहसा कोणी विचारीत नाही. म्हणून ह्या लेखात आम्ही घड्याळांच्या पेट्या घडविणाऱ्या एका थोर कारागिराचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे. त्याचे नाव आंद्रे-शार्ल बूल.

बूलचा जन्म १६४२ च्या नोव्हेंबर महिन्यात पॅरिस शहरी झाला. त्याचा बाप ज्याँ हा उत्तरेकडून फ्रान्सच्या राजधानीत येऊन स्थायिक झालेला सुतार होता. अबनुसासारख्या उंची लाकडाचे पातळ पापुद्रे साध्या लाकडावर चिकटवून सुबक कपाटे व मेजे तयार करणे हा ह्या वर्गातील कारागिरांचा धंदा. मुलाने बापाच्या हाताखालीच करवत धरावयास शिकावे, हा त्या काळचा रिवाज होता. आमच्याकडील सुतार-सोनारांच्या घरी तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तसाच तो तेथेही होता.

बूल चौदा वर्षांचा झाला त्याच सुमारास हॉलंडात एक मोठी गोष्ट घडली. ख्रिस्तियान हायगेन्स ह्या शास्त्रज्ञाने १६५६ साली घड्याळास लंबक जोडला. तोपर्यंतची घड्याळे दिवसाकाठी सुमारे १५ मिनिटांनी चुकत. लंबक आल्यावर ती चूक सुमारे १५ सेकंदांवर आली. वेळ खात्रीने सांगणारे यंत्र श्रीमंतांच्या दिवाणखान्यात मानाने बसण्यास आता पात्र ठरले. हेग शहरी तयार होणारी ही पहिली घड्याळे भिंतीवर टांगावयाची असत. चौकोनी काळी पेटी, आत मखमलीने मढविलेली पाटी आणि तीवर बसविलेले आकड्यांचे कडे, एवढाच काय तो त्यांचा थाट. त्यांवरून पॅरिसमध्ये जी घड्याळे झाली ती इतकी साधी आणि गंभीर दिसत की, त्यांना पुढे जोगिणीचे नाव मिळाले. परंतु फ्रान्सचा राजा चौदावा लुई ह्यास साधेपणाची आवड नव्हती. त्याच्या दरबारात दिवाही सोन्याने मढलेला हवा असे; मग घड्याळ जोगिणीच्या वेषात किती दिवस राहणार? त्याला राजवस्त्रे चढविण्याचे काम बूलकडे यावयाचे होते.

तिशी गाठण्यापूर्वीच बूलचे नाव शहरात झाले होते. १६७२ साली लूव्र राजवाड्यातील एका कारागिराच्या मृत्यूमुळे तेथील एक बिऱ्हाड रिकामे झाले. पॅरिसमधील सर्वांत निष्णात कारागीर म्हणून राजाचा प्रधान कोल्बेर ह्याने बूलची शिफारस केली, व ते बिऱ्हाड त्यास मिळाले. ह्या जागेचे महत्त्व केवळ राजाच्या शेजाराचे नव्हते. त्या काळी पॅरिसमध्ये प्रत्येक धंद्याचा स्वतंत्र संघ असे, व त्याचे नियम कडक असत. लाकडाचे काम करणाऱ्याने धातू ओतू नये, आणि धातू ओतणाऱ्याने त्यास मुलामा देऊ नये, अशी बंधने होती. लूव्रमध्ये राहणाऱ्या कलावंतांस मात्र ह्या नियमांतून मोकळीक होती. त्यामुळे बूलला एकाच छपराखाली लाकूड कापता आले, ब्राँझ ओतता आले आणि त्यावर सोन्याचा मुलामाही चढविता आला. संपूर्ण वस्तू एका मनाने कल्पावी व एका देखरेखीखाली पुरी व्हावी, ही संधी त्याच्या व्यवसायबंधूंपैकी फारच थोड्यांना लाभली.

ज्या कामाला पुढे बूलचेच नाव पडले ते काम कसे करीत, हे सांगितल्यावाचून त्याचे चरित्र पुरे होणार नाही. कासवाच्या कवचाचा पातळ पत्रा घ्यावयाचा व त्यावर तेवढ्याच आकाराचा पितळेचा पत्रा ठेवावयाचा. वर नक्षीचा कागद चिकटवून बारीक पात्याच्या करवतीने दोन्ही पत्रे एकदमच कापावयाचे. पत्रे एकमेकांपासून सोडविले म्हणजे कवचात पितळेची वेल तंतोतंत बसते, आणि उरलेल्या पितळेत कवचाची वेल बसते. अशा रीतीने एका कापणीत दोन नक्ष्या तयार होतात : एकीत काळसर भूमीवर सोनेरी वेल, तर दुसरीत सोनेरी भूमीवर काळसर वेल. म्हणूनच ह्या प्रकारचे सामान पुष्कळदा जोडीने घडविले जाई. कवच अर्धपारदर्शक असल्यामुळे त्याच्या पाठीमागे तांबडा रंग देत, म्हणजे ते आतून पेटल्यासारखे दिसे. मग हे सर्व सरसाने ओक लाकडाच्या पेटीवर बसवावयाचे आणि पितळेवर टोकदार हत्याराने पानांच्या शिरा व मुखवट्यांचे डोळे कोरावयाचे. ही युक्ती बूलने शोधून काढलेली नव्हती. ती त्याच्या पूर्वीपासून ठाऊक होती. परंतु त्याने ती अशा पूर्णतेस नेली की, मूळ शोधकांचा लोकांस विसर पडला.

पेटीच्या कोपऱ्यांवर व कडांवर जी ब्राँझची पाने, मुखवटे आणि मूर्ती दिसतात, त्या केवळ शोभेच्या नव्हेत. पितळ आणि कवच ऋतुमानाप्रमाणे कमीअधिक आकुंचन पावून उचकटतात. कडांवरील ब्राँझ त्यांना धरून ठेवते. उपयोगाच्या वस्तूस इतके सुंदर रूप द्यावे की तिचा उपयोग ध्यानातही येऊ नये, हे बूलच्या हाताचे वैशिष्ट्य होय. मात्र त्या सोनेरी झळाळीची किंमत वाचकांनी लक्षात ठेवावी. सोने पाऱ्यात कालवून ब्राँझवर लावीत व विस्तवावर तापवीत. पारा वाफ होऊन उडून जाई आणि सोने मागे राही. ती वाफ विषारी. ज्यांनी ती वर्षानुवर्षे हुंगली त्या मजुरांची नावे कोणत्याही घड्याळावर नाहीत.

घड्याळाचे यंत्र बूल स्वतः करीत नसे. त्यासाठी थ्युरे पितापुत्रांसारखे राजाचे घड्याळजी होते. ह्यांपैकी पित्याने, म्हणजे इझाक थ्युरेने, हायगेन्ससाठीही काम केले होते. यंत्र त्यांचे आणि महाल बूलचा, अशी ही भागीदारी होती. काही घड्याळे उंच चौथऱ्यावर उभी असत, तर काही भिंतीस ठोकलेल्या तशाच नक्षीदार ब्रॅकेटवर बसत. तबकडी मुलाम्याच्या धातूची असून तीवर प्रत्येक तासाचा आकडा मिन्याच्या वेगळ्या पांढऱ्या चकतीवर काढलेला असे. कारण मोठी तबकडी मिन्याच्या एकाच तुकड्यात करणे त्या काळी साधत नव्हते. आज जी उणीव होती असे कळते, तीच पाहणाऱ्यास त्या काळची खास शोभा वाटते. बूलच्या एका प्रसिद्ध घड्याळात तबकडीखाली पंख असलेला वृद्ध काळपुरुष पहुडलेला आहे, आणि माथ्यावर प्रेमदेवतेचा बालक विजयी मुद्रेने बसलेला आहे. काळावर प्रेमाने मात केली, असा त्याचा भाव.

राजघराण्याने बूलला पुष्कळ काम दिले. व्हर्साय येथे युवराजाच्या दालनात त्याने जमीन व भिंती नक्षीकामाने मढविल्या. ते दालन आज उरलेले नाही. १७०८-०९ च्या सुमारास त्रियानोँ महालातील राजाच्या शयनगृहासाठी त्याने खणांची दोन अप्रतिम मेजे केली. ती आजही व्हर्सायला पाहावयास मिळतात. त्याने योजिलेल्या सामानाच्या नमुन्यांची चित्रे छापून प्रसिद्ध झाली, त्यामुळे त्याची कीर्ती देशोदेशी पसरली.

इतके यश लाभलेला मनुष्य सुखाने व स्वस्थतेने वृद्ध झाला असेल असे वाचकांस वाटेल. परंतु तसे झाले नाही. बूलला चित्रे आणि रेखाटने जमविण्याचे वेड होते. त्याला ओळखणाऱ्या मारियेत ह्या जाणकाराने नमूद केले आहे की, रेखाटनांचा व छापील चित्रांचा एकही लिलाव बूल चुकवीत नसे, आणि हातात पैसा नसला तरी खरेदी करी. मग ती भागविण्यासाठी जबर व्याजाने कर्ज काढी. थोर चित्रकार रुबेन्स ह्याने लिहिलेली व रेखाटलेली एक टिपणवहीदेखील त्याच्या संग्रहात होती. ह्या चित्रांपासून तो पुष्कळ शिकला, हे खरे. त्याच्या मूर्तींचा डौल तेथूनच आला असावा. परंतु कलेच्या ह्या भुकेचे देणे दुसऱ्यांना भरावे लागले. ठरलेले काम वेळेवर पुरे न झाल्याबद्दल गिऱ्हाइके कुरकुरत. सावकार दारी बसत. सर्वांत वाईट गोष्ट ही की, त्याच्या कारखान्यातील मजुरांची मजुरी थकली, आणि त्याला लूव्रच्या आवारातच अटक करण्याची परवानगी मागण्याची पाळी त्यांच्यावर आली. काळाला सोन्याचे घर बांधणाऱ्या ह्या पुरुषास मजुरीचा दिवस पाळता आला नाही, हे लिहिताना आम्हांस खेद होतो. तथापि चरित्रकाराने ते झाकून ठेवणे योग्य नव्हे. अखेर १७०४ साली राजाने त्यास सावकारांपासून सहा महिन्यांचे संरक्षण दिले. त्या अवधीत त्याने आपला व्यवहार मार्गी लावावा, ह्यापुढे अशी कृपा होणार नाही, अशी सक्त ताकीदही दिली.

१७१५ साली, बहात्तराव्या वर्षी, बूलने कारखाना आपल्या चार मुलांच्या नावे करून दिला. परंतु हातातील काम सोडले नाही. पुढे पाच वर्षांनी, १७२० च्या ऑगस्टच्या ३० तारखेस, त्याच्या कारखान्यास आग लागली. कोरडे लाकूड, सरस व भुसा ह्यांनी भरलेली ती जागा. विझविण्यास वेळ कोठला? मजुरांची बाके, हत्यारे, अर्धवट झालेले सामान आणि तयार लाकूड जळून गेले. त्याबरोबरच जन्मभर कर्ज काढकाढून जमविलेल्या संग्रहाचा मोठा भागही भस्म झाला. रुबेन्सची ती वही त्याच आगीत नष्ट झाली. तिची फारच थोडी पाने व काही नकला तेवढ्या आज शिल्लक आहेत. त्या वेळी बूलचे वय सत्त्याहत्तर वर्षांचे होते. त्यानंतर तो आणखी अकरा वर्षे जगला आणि १७३२ च्या फेब्रुवारीअखेर, वयाच्या नव्वदीस टेकला असता, लूव्रमध्येच मरण पावला. त्याच्यामागे धन उरले नव्हते. मुलांच्या वाट्यास कसब आले, तसे देणेही आले.

ह्या चरित्राकडे पाहता आम्हांस एक गोष्ट विशेष वाटते. बूलने जे स्वतःसाठी साठविले, ज्यापायी मजुरांचे पैसे थकविले, त्यातील बहुतेक एका दिवसात राख झाले. जे त्याने घडवून दुसऱ्यांच्या घरी पाठविले, ते मात्र तीनशे वर्षे टिकले. राजवंश गेले, महाल लुटले गेले, मालक बदलले. पण लंडनच्या वॉलेस संग्रहालयात आणि पॅरिसच्या लूव्रमध्ये त्याची कामगिरी आजही उभी आहे. ज्या लूव्रमध्ये कर्जदार म्हणून त्याच्या अटकेची मागणी झाली, तेथेच त्याच्या वस्तू आज काचेआड जपल्या जातात. पॅरिसमध्ये १८८६ साली लाकूडकामाची शाळा निघाली, तिलाही बूलचेच नाव देण्यात आले.

घर सजविण्याची आवड असणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचनाही येथे करून ठेवतो. जुन्या वस्तूंच्या दुकानांत बूलचे म्हणून जे घड्याळ दाखवितात, ते बहुधा एकोणिसाव्या शतकातील अनुकरण असते. बूल आपल्या कामावर सही करीत नसे. म्हणून नावावर न भुलता सांधे, कोरीव रेषा आणि ब्राँझची घडण पारखावी. शिवाय ज्या कासवाचे कवच ह्या कामी लागे ती जात आता दुर्मिळ झाली असून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी आहे. तेव्हा जुने असेल ते जपावे, नव्याचा हव्यास धरू नये.

विद्यार्थिमित्रहो, सुटीत आजोळी जाल तेव्हा भिंतीवरील त्या घड्याळापुढे क्षणभर उभे राहा. यंत्र करणारा कोण, पेटी कोरणारा कोण, हे तीवर लिहिलेले सापडेलच असे नाही. परंतु एखाद्या कोपऱ्यातील पान नीट पाहाल, तर कोणा एका माणसाने त्यासाठी किती वेळ खर्च केला हे तुमच्या ध्यानी येईल. त्या माणसास त्याची मजुरी वेळेवर मिळाली असेल काय, हाही प्रश्न मनात येऊ द्या. उद्या तुमच्यापैकी कोणी कारागीर होईल आणि कोणी कारागिरांचा धनी होईल. दोघांसही बूलच्या चरित्रात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.