केस, अंडे, बाण आणि खरबूज : किशोरवयातले अमीर खुसरो



मुंबईहून किंवा पुण्याहून रेल्वेने दिल्लीला गेला असाल, तर हजरत निजामुद्दीन या स्थानकावर तुम्ही कधीतरी उतरला असाल. तिथून रिक्षाने थोड्याच वेळात एका जुन्या वस्तीत पोहोचता येते. अरुंद गल्ल्या, गुलाबाच्या पाकळ्यांच्या टोपल्या, अत्तराची दुकाने, आणि आत गेल्यावर एकाच परिसरात दोन समाध्या : एक गुरूची, दुसरी शिष्याची. शिष्य म्हणजे अमीर खुसरो. कव्वाली, पहेल्या आणि सुफी काव्य यांच्या संदर्भात हे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. आज मात्र म्हाताऱ्या, कीर्तिवंत खुसरोंविषयी नाही, तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाविषयी सांगायचे आहे. शब्दांशी खेळता खेळता स्वतःचा आवाज शोधणारा हा मुलगा पुढे काय झाला, ते ओघाने येईलच.

खुसरोंचा जन्म १२५३ मध्ये पटियाली येथे झाला. हे गाव आज उत्तर प्रदेशच्या कासगंज जिल्ह्यात आहे. वडील अमीर सैफुद्दीन महमूद हे लाचीन टोळीचे तुर्क. मंगोलांच्या स्वाऱ्यांमुळे मध्य आशियातून जी अनेक कुटुंबे हिंदुस्थानात आली, त्यांच्यापैकी हे एक. आई मात्र इथल्या घराण्यातली. तिचे वडील इमाद-उल-मुल्क हे दिल्लीच्या सुलतानाचे आरिज होते, म्हणजे सैन्याची हजेरी, भरती आणि पगार ज्यांच्या हाताखाली असतो ते अधिकारी. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे मला या पदाचे जरा विशेष वाटते : एवढ्या मोठ्या कवीचे आजोबा पगारपत्रकाच्या खात्यात होते!

खुसरो आठ वर्षांचा असताना वडील गेले. मुलगा दिल्लीत आजोबांच्या घरी वाढू लागला. हे घर म्हणजे माणसांचा राबता. खाण्यापिण्याची आणि विड्यांची तिथे चंगळ असे. तुर्की बोलणारे सैनिक, फार्सी बोलणारे विद्वान, हिंदवी बोलणारे नोकरचाकर आणि स्त्रिया. एकाच अंगणात तीन-चार भाषा कानावर पडत होत्या. ज्यांच्या घरात आजी मराठीत, शेजारी हिंदीत आणि शाळा इंग्रजीत बोलते, अशा आजच्या मुलांना हे वातावरण ओळखीचे वाटेल.

दुधाचे दात पडत होते त्या वयापासून आपल्या तोंडून पद्य बाहेर पडत असे, असे खुसरोंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याला सादुद्दीन नावाच्या गुरुजींकडे सुंदर हस्ताक्षर गिरवायला पाठवले होते. सादुद्दीन नामांकित सुलेखनकार. ते अक्षरांची वळणे दाखवत, आणि हा मुलगा अक्षरांऐवजी कुणाच्या तरी केसांच्या वळणांवर ओळी रचत बसे! गुरुजी रागावत असतील. तरी त्यांनी एक फार चांगली गोष्ट केली. कोतवालाचे नायब ख्वाजा असील यांनी एकदा पत्रे लिहून घेण्यासाठी सादुद्दीन यांना बोलावले. दौत-लेखणी घेऊन मुलगा मागे गेला. तिथे ख्वाजा इज्जुद्दीन नावाचे विद्वान बसलेले होते. गुरुजींनी त्यांना सांगितले की हा पोरगा सारखा पद्यात बडबडतो, त्याची परीक्षा घ्या.

इज्जुद्दीन यांनी हातातला काव्यसंग्रह मुलाकडे दिला. त्याने तो इतक्या गोड आवाजात वाचला की ऐकणारे हेलावले. पण गुरुजींचे समाधान झाले नाही. दुसऱ्याचे वाचणे सोपे असते, आता त्याच्याकडून नवे रचून घ्या, असा त्यांचा आग्रह. मग इज्जुद्दीन यांनी चार शब्द दिले, ज्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता : केस, अंडे, बाण आणि खरबूज. चारही एका रुबाईत, म्हणजे चार ओळींच्या कवितेत, बसले पाहिजेत.

वाचकहो, क्षणभर थांबा आणि स्वतः प्रयत्न करून पाहा. आपल्याकडे लग्नात उखाणा घेताना नाव कुठेतरी बसवायचे असते, तेवढ्यानेही नव्या नवरीला घाम फुटतो. इथे तर अंडे आणि खरबूज!

खुसरोने तिथल्या तिथे रुबाई म्हटली. केस प्रिय व्यक्तीच्या बटांमध्ये गेले, अंडे हे त्या केसांना चिकटलेल्या अंबर या सुगंधी द्रव्याचे गोळे झाले. बाण आला तो सरळपणाची खूण म्हणून : त्या व्यक्तीचे मन बाणासारखे सरळ समजू नका, असा इशारा. आणि खरबूज? त्याचे दात, म्हणजे बिया, पोटात लपलेले असतात, तसे या मनाचे दात आत आहेत. चार असंबद्ध वस्तू होत्या, आणि त्यांतून एका माणसाचा स्वभाव उभा राहिला. इज्जुद्दीन यांनी मुलाचे नाव आणि वडिलांची चौकशी केली आणि सुलतानी हे टोपणनाव सुचवले. खुसरोंच्या सुरुवातीच्या अनेक कवितांत हेच नाव येते.

मला ही गोष्ट केवळ हजरजबाबीपणाची वाटत नाही. उपमा म्हणजे काय हे यात हातात धरून पाहता येते. शाळेत आपण उपमेय, उपमान, साधर्म्य असे तक्ते पाठ करतो. या मुलाने खरबूज कापलेले पाहिले होते, बिया पाहिल्या होत्या, आणि गोड बोलून आतून चावणारी माणसेही पाहिली असणार. वडील नसलेले, मोठ्या घरात वाढणारे मूल माणसांची तोंडे फार लवकर वाचायला शिकते. हा माझा अंदाज आहे, पण रुबाई ऐकून तो करावासा वाटतो.

पुढची तीन-चार वर्षे त्याने कवितेवर अक्षरशः झडप घातली. कवितेत हात धरून शिकवणारा गुरू त्याला नव्हता, हे त्याने स्वतः नोंदवले आहे. म्हणून त्याने थोरांचे काव्यसंग्रह समोर ठेवले. सनाई, अनवरी, खाकानी. जो वाचावा त्याच्यासारखे लिहावे. खाकानीची शैली फार अवघड. तिथे आपले कोवळे वय कमी पडले, असेही तो प्रामाणिकपणे सांगतो. कविता लिहिणाऱ्या मुलांना आपण पटकन म्हणतो की कुणाची नक्कल करू नका. खुसरोंचे उदाहरण पाहता मला हा सल्ला तितकासा पटत नाही. नक्कल करूनच त्याचा हात तयार झाला. प्रश्न एवढाच की हात तयार झाल्यावर त्या हाताने कुणाचे मन लिहायचे.

या काळात त्याचे सर्वांत आवडते खेळणे होते ईहाम. एका शब्दाचे दोन अर्थ असतात, एक जवळचा आणि एक लांबचा. ऐकणारा जवळच्या अर्थाकडे धावतो आणि कवीच्या मनात लांबचा असतो. मराठीत याचा जवळचा नातेवाईक म्हणजे श्लेष. कर हा शब्द घ्या. माझ्या वर्गात कर म्हटले की आयकर आठवतो, आरतीत कर जोडतात तेव्हा ते हात असतात, आणि आईने कर म्हटले की उठून काम करावे लागते. तीन अर्थ झाले. सात अर्थ निघतील अशी ओळ आपण रचली आहे, असा खुसरोंचा पुढे दावा होता! आपल्या मोरोपंतांची आठवण यावी असा हा प्रकार. ओठांना ओठ न लावता म्हणता येईल असे निरोष्ठ रामायण लिहिणारे मोरोपंत आणि हा दिल्लीचा मुलगा एकत्र भेटले असते, तर त्यांचे चांगलेच जमले असते.

सोळा ते एकोणीस या वयात रचलेल्या कवितांचा संग्रह म्हणजे तुहफत-उस-सिघर, अर्थात बालवयाची भेट. नावातच वय कबूल केले आहे. पुढे मध्यम वयाचा, प्रौढपणाचा आणि उतारवयाचा असे आणखी संग्रह झाले, तरी हा पहिला त्यांनी झाकून ठेवला नाही. आपल्या वहीतल्या जुन्या कविता फाडून टाकणाऱ्यांनी याची दखल घ्यावी.

आता त्या व्यक्तीकडे येऊ, जिच्यामुळे ही कथा आपल्यासारख्या वाचकांना जवळची वाटते. हजरत निजामुद्दीन औलिया खुसरोंपेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे. दिल्लीत आल्यावर त्यांना राहायला धड जागा नव्हती, आणि काही काळ ते खुसरोंच्या आजोबांच्याच घरात राहिले. किशोर खुसरो आपल्या कविता त्यांना नेऊन दाखवू लागला. निजामुद्दीन यांनी त्याला लिहिणे थांबवायला सांगितले नाही, की फक्त ईश्वरस्तुती लिही असेही म्हटले नाही. त्यांचा सल्ला असा होता की इस्फहानच्या कवींच्या धर्तीवर, प्रेम जागवणारे लिही. हा सल्ला किती नेमका होता ते पाहा. मुलगा शब्दांच्या कसरतीत रमला होता, आणि गुरूने त्याच्या शब्दांना हृदयाची दिशा दिली.

याच दोघांची आणखी एक हकिगत जुन्या चरित्रग्रंथात आहे. आपल्या वाणीला गोडवा यावा अशी इच्छा खुसरोंनी व्यक्त केली. तेव्हा निजामुद्दीन यांनी खाटेखाली ठेवलेले साखरेचे भांडे आणायला सांगितले, ती साखर डोक्यावरून उधळून घ्यायला लावली आणि थोडी खायला दिली. गोडवा आला, आयुष्यभर टिकला. पण म्हातारपणी खुसरोंना हुरहुर लागून राहिली की त्या क्षणी याहून मोठे काही मागायला हवे होते. मी भाषांतराची सेवा करतो. एखादे वाक्य छान जमले की मनाला गुदगुल्या होतात, आणि त्या वेळी ही साखर मला आठवते.

आजोबा गेले तेव्हा खुसरो विशीत होते. पोट भरण्यासाठी दरबार गाठावा लागला. पहिला आश्रयदाता मलिक छज्जू, सुलतान बल्बनचा पुतण्या. एका मैफलीत बल्बनचा मुलगा बुगरा खान याने खुसरोंच्या कवितेवर खूश होऊन चांदीच्या नाण्यांचे तबक दिले. ते स्वीकारले म्हणून मलिक छज्जू असा रुसला की खुसरोंना त्याची चाकरी सोडावी लागली. कविता आपली, पण ती कुणी ऐकायची हे मालक ठरवणार! यानंतर बुगरा खान, मग मुलतानला शहजादा मुहम्मद. १२८५ मध्ये मंगोलांशी लढताना शहजादा मारला गेला आणि खुसरो कैद झाले. कशीबशी सुटका झाली. त्या युद्धात मेलेल्यांवर त्यांनी जे शोककाव्य लिहिले, ते ऐकून दिल्लीतील घराघरांत लोक रडले. इथे शब्दखेळ मागे पडला होता. पुढे एकामागून एक सुलतान बदलत गेले, राजवटी उलटल्या, खुसरो लिहीत राहिले. स्तुतिकाव्ये लिहिली, पाच मसनव्यांचा खम्सा लिहिला, १३१८ च्या नुह सिपिहर या ग्रंथात हिंदुस्थानची हवा, फुले, पक्षी, विद्या आणि भाषा यांचे प्रेमाने वर्णन केले. आईच्या निधनावर तर त्यांनी पंचेचाळिशीत लहान मुलासारखा विलाप केला आहे.

जाता जाता एक गोष्ट लक्षात घ्या. नेवाशाला ज्ञानेश्वर माउलींनी १२९० मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हा दिल्लीत खुसरो सदतिसाव्या वर्षात होते. दोघे एकाच काळातले, आणि दोघांच्या काव्याचा आरंभ कोवळ्या वयातला.

आणि हिंदवी पहेल्या? आज खुसरोंच्या नावावर कोडी, मुकऱ्या, एका उत्तराचे दोन प्रश्न असे कितीतरी साहित्य आहे. मुकरी म्हणजे सखीशी बोलताना प्रियकराचे वर्णन करावे, आणि सखीने तसे विचारताच नाकारून दिवा, पाऊस किंवा अशाच एखाद्या वस्तूचे नाव सांगावे. मराठी व्याकरणातल्या अपन्हुती अलंकाराचेच हे खोडकर रूप. आपण मित्रांना काही हिंदवी रचना दिल्या, असे खुसरोंनी लिहिले आहे. पण त्यांच्या काळातली हस्तलिखिते मिळत नाहीत, त्यामुळे प्रचलित पहेल्यांपैकी कोणत्या त्यांच्या, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. शतकानुशतके लोक आपली कोडी त्यांच्या नावावर घालत आले, हे मात्र नक्की. कबीर आणि तुकोबांच्या नावावरही असेच घडले आहे.

एक नोंद मात्र निर्विवाद त्यांची आहे. प्रौढपणीच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी काव्यातील उस्ताद कुणाला म्हणावे याच्या अटी सांगितल्या. त्यांतली पहिली अट स्वतःची शैली. आणि लगेच कबुली दिली की मी वेगवेगळ्या काव्यप्रकारांत वेगवेगळ्या थोरांच्या मागून चालत आलो आहे. दरबारात सर्वत्र वाहवा होत असताना माणूस हे लिहितो!

१३२५ च्या वसंतात निजामुद्दीन यांनी देह ठेवला तेव्हा खुसरो सुलतान गियासुद्दीन तुघलकाबरोबर बंगालच्या मोहिमेवर होते. बातमी कळताच ते दिल्लीला परतले. नंतर सुमारे सहा महिन्यांनी तेही गेले आणि गुरूच्या पायथ्याशी त्यांना जागा मिळाली. आजही अनेक भाविक तिथे आधी खुसरोंकडे माथा टेकवतात आणि मग पुढे निजामुद्दीन यांच्याकडे जातात.

वसंत पंचमीला या दर्ग्यात पिवळी वस्त्रे आणि मोहरीची फुले घेऊन लोक येतात. भाच्याच्या मृत्यूने दुःखी झालेल्या गुरूला हसवण्यासाठी खुसरो असेच पिवळे कपडे घालून, फुले हातात घेऊन गात आले होते, अशी आख्यायिका सांगतात. त्या दिवशी दिल्लीत असाल तर संध्याकाळी जा. गल्लीच्या तोंडापासून गाणे ऐकू येते.